गोल्डन अवर कुणी मोजला? महाडचा विंचू, गडचिरोलीच्या वह्या आणि आपली १०८

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. विषय आपल्या रस्त्याचा आहे आणि रस्त्यावर आपल्याला उचलायला येणाऱ्या माणसांचा आहे.

मुंबई-गोवा महामार्गावर अपघात झाला की बातमीत, भाषणात, पोलिसांच्या कार्यक्रमात एक शब्द हमखास येतो, 'गोल्डन अवर'. अपघातानंतरचा पहिला तास. त्या तासात उपचार मिळाले तर माणूस वाचतो, असं सगळे सांगतात. हा शब्द आता कायद्यातही आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा गोल्डन अवरची व्याख्याच कायद्यात घातली गेली. मे २०२५ मध्ये केंद्राने अपघातग्रस्तांसाठी दीड लाखापर्यंतच्या कॅशलेस उपचारांची योजना आणली, तिचं मूळही त्याच कायद्यात.

आता हा तास आला कुठून? अमेरिकेत बाल्टिमोरला आर. ॲडम्स काउली नावाचे सर्जन होते. जखमींसाठी वेगळं केंद्र असावं म्हणून त्यांनी आयुष्य घालवलं. पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून जखमी आणायची पद्धत मेरीलँड राज्यात त्यांच्याच काळात रुजली. 'गोल्डन अवर' हा शब्द त्यांनी लोकप्रिय केला. २००१ मध्ये लर्नर आणि मॉस्कॅटी या दोन संशोधकांनी एक साधं काम केलं. या तासाच्या मागे कुठला अभ्यास आहे, आकडे कुठले आहेत, हे त्यांनी शोधलं. नेमका साठ मिनिटांचा आकडा सिद्ध करणारा मूळ अभ्यास त्यांना सापडला नाही. पुढे २०१० मध्ये उत्तर अमेरिकेतल्या १४६ ॲम्ब्युलन्स संस्थांच्या नोंदींमधून ३,६५६ गंभीर जखमींचा अभ्यास झाला. ॲम्ब्युलन्सला लागलेली एकूण मिनिटं आणि मृत्यू यांचा सरळ संबंध त्यातही दिसला नाही.

लगेच कुणी असा अर्थ काढू नका की उशीर झाला तरी चालतो. रक्त वाहत असेल, श्वास अडकला असेल तर एक तास कसला, चार मिनिटंसुद्धा जास्त होतात. मुद्दा वेगळा आहे. कुणाला किती मिनिटं परवडतात, वाटेत काय केलं तर फरक पडतो, हे मोजावं लागतं. मोजणारा माणूस त्या वेळी तिथे हजर असावा लागतो. आणि त्या वेळी तिथे हजर कोण असतं? प्रोफेसर नसतो, सिव्हिल सर्जन नसतो. ॲम्ब्युलन्सवरचा माणूस असतो.

आपल्या तालुक्याचंच घ्या. लांजा महामार्गावर आहे, ग्रामीण रुग्णालय आहे, ठीक. पण गंभीर पेशंट रत्नागिरीला न्यायचा म्हणजे आंजणारीचा घाट उतरून, काजळीचा पूल ओलांडून, हातखंबा तिठ्यावरून आत वळायचं. चाळीसेक किलोमीटर. याच आंजणारीच्या पुलावरून सप्टेंबर २०२२ मध्ये गॅसचा टँकर नदीत कोसळला आणि महामार्ग बंद ठेवावा लागला, ते आठवत असेल. हे झालं हमरस्त्याचं. भांबेड, प्रभानवल्ली, खोरनिनको या बाजूला गेलात की हिशोबच बदलतो. माचाळला गाडीरस्ता अलीकडचा. त्याआधी आजारी माणूस डोलीत घालून डोंगर उतरवायचे. चौघं खांदा द्यायला, चौघं बदलीला. डोलीतून उतरलेल्या माणसाचा पहिला तास डोंगरातच संपलेला असायचा. बाल्टिमोरचं घड्याळ आपल्याकडे तसंच्या तसं चालत नाही, हे सांगायला संशोधक लागत नाही. पण आपलं घड्याळ कसं चालतं, हे लिहून ठेवायला मात्र कुणीतरी लागतं.

तसं लिहून ठेवलं की काय होतं, याचं उदाहरण याच महामार्गावर, इथून पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरवर आहे. महाड.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे नाव कोकणात ठाऊक नाही असा माणूस विरळा. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सगळीकडे फोटो आले. पण काम नेमकं कसं झालं, ते फार थोड्यांनी वाचलंय. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा मुलगा, नागपूरला एमबीबीएस झाला आणि १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला आला. तिथे विंचू चावलेली माणसं यायची. आपल्याकडचा लाल विंचू दिसायला लहान. जांभ्याच्या गडग्यात, लाकडांच्या रचणीत, पेंढ्यात, दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपलेत असतो. चावला की घाम फुटायचा, उलट्या व्हायच्या, हातपाय गार पडायचे. काही तासांनी छातीत पाणी भरायचं, तोंडाला फेस यायचा आणि धडधाकट माणूस जायचा. लहान मुलं तर जास्तच. गावात मंत्र होते, मांत्रिक होते. दवाखान्यात जी औषधं द्यायचे त्यांचाही फारसा उपयोग होत नव्हता. पुस्तकात या मरणाची नीट वाट लिहिलेली नव्हती, कारण पुस्तकं लिहिणाऱ्यांकडे असे पेशंट पोचतच नव्हते. ते बिरवाडीलाच मरत होते.

बावस्करांनी काय केलं? पेशंटच्या खाटेशी बसले. रात्र रात्र बसले. नाडी किती, रक्तदाब किती, घाम कधी सुरू झाला, हातपाय कधी गार पडले, श्वास कधी बिघडला, हे तासातासाला लिहिलं. त्या नोंदींतून मृत्यूच्या आधीची चिन्हं दिसायला लागली. ती त्यांनी 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकाला कळवली आणि १९८२ मध्ये ती छापून आली. लंडनच्या साप्ताहिकात कोकणातल्या आरोग्य केंद्राच्या खाटेशेजारची निरीक्षणं! पुढचा टप्पा औषधाचा. विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रेनलीनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर भार येतो. मग रक्तवाहिन्या सैल करणारी, रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिनची साधी स्वस्त गोळी त्यांनी वापरून पाहिली. ते निष्कर्ष १९८६ मध्ये पुन्हा लॅन्सेटमध्ये आले. आधी अशा गंभीर पेशंटांपैकी शंभरात चाळीसच्या आसपास दगावायचे, ते प्रमाण एकावर आलं, असं बावस्करांच्या कामाबद्दल सांगितलं जातं.

ते तिथेच थांबले नाहीत, आणि मला ही गोष्ट पहिल्या शोधाइतकीच महत्त्वाची वाटते. पुढे विंचवाच्या विषावरचं प्रतिविष हाफकिनकडून मिळायला लागलं. मग प्रश्न आला, नुसती गोळी पुरे की गोळी अधिक प्रतिविष? आपलीच गोळी श्रेष्ठ म्हणून गप्प बसता आलं असतं. डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर या दांपत्याने महाडला ७० पेशंटांवर रीतसर तुलना केली. कुणाला काय द्यायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं, म्हणजे आपल्या मनाचा कल आड येत नाही. नुसत्या गोळीवर बरं व्हायला सरासरी १७.७ तास लागले, दोन्ही दिल्यावर ८ तास. हा अभ्यास २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. म्हणजे स्वतःच्या प्रसिद्ध गोळीपेक्षा दोन्ही मिळून चांगलं, हे त्यांनीच जगाला सांगितलं.

आता कुणी म्हणेल, बावस्कर डॉक्टर आहेत, पुढे एमडी झाले, त्यांची गोष्ट वेगळी. बरोबर आहे. म्हणून दुसरं उदाहरण गडचिरोलीचं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. तिथे नवजात बाळं मरत होती आणि हॉस्पिटल लांब होतं. त्यांनी ३९ गावांत गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. या बाया डॉक्टर नव्हत्या, नर्स नव्हत्या. काहींची शाळा पाचवी-सातवीत सुटलेली. त्यांनी बाळंतपणाला हजर राहायचं, बाळाचं वजन करायचं, ताप मोजायचा, श्वास मोजायचा, सगळं छापील फॉर्मवर लिहायचं, आणि जंतुसंसर्गाची ठरलेली चिन्हं दिसली तर आईबापाला विचारून इंजेक्शन द्यायचं. शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये हाही अभ्यास लॅन्सेटमध्येच छापून आला. आज आपल्या वाडीवरची आशाताई बाळंतिणीच्या घरी सहा-सात वेळा येते, काटा लटकवून बाळाचं वजन करते, फॉर्म भरते. त्या सगळ्याचं मूळ त्या ३९ गावांत आहे.

मोठमोठ्या तज्ज्ञांना तेव्हा शंका होती की कमी शिकलेल्या बाईने भरलेल्या फॉर्मवर विश्वास कसा ठेवायचा. उत्तर असं होतं, की शिकवा, तपासा, पुन्हा शिकवा, आणि तिने लिहिलेल्याचं पुढे काय झालं ते तिला सांगा.

हीच शंका ॲम्ब्युलन्सवाल्यांबद्दल जगभर होती. अमेरिकेत १९६०च्या दशकात अनेक शहरांत पेशंट न्यायला पोलिसांची गाडी नाहीतर अंत्यविधीवाल्यांची गाडी यायची. आत उपचार काही नाही, उचला आणि टाका. पिट्सबर्गमध्ये १९६७ मध्ये 'फ्रीडम हाउस' नावाची ॲम्ब्युलन्स सेवा सुरू झाली. काळ्या वस्तीतल्या, बरेचसे बेरोजगार असलेल्या तरुणांना डॉ. पीटर साफार यांनी प्रशिक्षण दिलं. साफार म्हणजे तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं हे एकत्र आणून आजचा सीपीआर ज्यांनी घडवला, त्यांच्यातले एक. शहर ज्यांना कामाचं समजत नव्हतं, ती पोरं रस्त्यावर श्वासनळीत नळी घालायला शिकली. त्यांच्या प्रत्येक फेरीच्या नोंदी ठेवल्या गेल्या. कुठला उपचार जमला, कुठे चूक झाली, याचा हिशोब त्यातून निघाला. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी त्याच अनुभवावर अमेरिकेचा पॅरामेडिक अभ्यासक्रम लिहिला. आणि ती सेवा? १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू केली आणि फ्रीडम हाउस बंद पडलं. ज्यांच्या नोंदींवर अभ्यासक्रम उभा राहिला, त्यातल्या बऱ्याच जणांना नव्या व्यवस्थेत मानाची जागा मिळाली नाही. हे आपण विसरू नये. पुढे परत येतो त्यावर.

त्यानंतर मात्र ॲम्ब्युलन्सवाल्यांच्या हातून जे अभ्यास झाले ते थक्क करणारे आहेत. दोनच सांगतो.

पहिला आकडीचा. फिट थांबत नसेल तर शिरेतून औषध द्यायची पद्धत होती. पण हलत्या गाडीत, झटके देणाऱ्या हातात शीर सापडायची कशी? अमेरिकेत चार हजारांहून जास्त पॅरामेडिक एका अभ्यासात उतरले. मांडीत सरळ स्नायूत इंजेक्शन आणि शिरेतून इंजेक्शन, यांची तुलना. पेटी उघडली की वेळेची नोंद आपोआप सुरू. ८९३ पेशंट. हॉस्पिटलला पोचेपर्यंत फिट थांबलेल्यांचं प्रमाण स्नायूत दिलेल्यांत ७३.४ टक्के, शिरेतून दिलेल्यांत ६३.४ टक्के. २०१२ मध्ये हा निष्कर्ष छापून आला. एसी खोलीत बसून हे कधीच कळलं नसतं. शीर शोधायला जाणारी मिनिटं रस्त्यावरच कळतात.

दुसरा जास्त अवघड. हृदय बंद पडलं की ॲड्रेनलीन द्यायचं, हा अनेक दशकांचा नियम. सगळे देत होते. ब्रिटनमध्ये पाच ॲम्ब्युलन्स सेवांच्या पॅरामेडिकनी विचारलं, खरंच उपयोग होतो का? सारख्याच दिसणाऱ्या पेट्या, काहींत ॲड्रेनलीन, काहींत नुसतं सलाइनचं पाणी. देणाऱ्यालाही माहीत नाही काय आहे. ८,०१४ माणसं. २०१८ मध्ये निकाल आला. तीस दिवसांनी जिवंत असलेले ॲड्रेनलीनवाल्यांत ३.२ टक्के, पाणीवाल्यांत २.४ टक्के. थोडा फायदा. पण घरी जाण्याइतपत वाचलेल्यांमध्ये मेंदूला गंभीर इजा झालेले ॲड्रेनलीनच्या बाजूला ३१ टक्के, दुसरीकडे १७.८. आता विचार करा, कुणाला काय हवं? ज्यांना या अभ्यासात पडायचं नव्हतं त्यांच्यासाठी 'मी नाही' असं सांगणारं कडं ठेवलं होतं, हातात घातलं की झालं. बेशुद्ध माणसाची संमती कशी घ्यायची, हा पेच तिथे लपवला नाही, लोकांसमोर मांडला. आपल्याकडे असं काही करायचं झालं तर तसाच मोकळेपणा लागेल. 'पेशंटवर प्रयोग' म्हणून उद्या कुणी व्हिडिओ टाकेल आणि तो रास्तही असेल. नीतिसमितीची मंजुरी आणि लोकांना आधी सांगणं यात सूट नको.

आता आपल्याकडे या.

देशात १०८ ची सुरुवात हैदराबादला १५ ऑगस्ट २००५ रोजी झाली. महाराष्ट्रात २०१४ च्या जानेवारीत. सुरुवातीला ९३७ गाड्या, त्यातल्या २३३ जास्त सोयीच्या, व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या, आणि ७०४ मूलभूत. आपल्या राज्याचं वेगळेपण असं की गाडीवर डॉक्टर असतो, बऱ्याचदा बीएएमएस, आणि गाडी चालवणारा पायलट. पायलट म्हणजे नुसता ड्रायव्हर नाही. स्ट्रेचर तोच उचलतो, नातेवाइकांना तोच आवरतो, छाती दाबायची वेळ आली तर त्याचेही हात लागतात. शिवाय गरोदर बायांसाठी १०२ आहे, नाणीजच्या संस्थानच्या मोफत ॲम्ब्युलन्स महामार्गावर आहेत, गावोगावच्या मंडळांच्या गाड्या आहेत. या सगळ्यांनी आतापर्यंत किती पेशंट पाहिले असतील याचा अंदाज करा. आपल्या जिल्ह्यातल्या पहिल्या तासाबद्दल यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

आणि ते सगळं ज्ञान गप्पांत विरून जातं. मी यांच्यापैकी बऱ्याच जणांशी बोललोय, चहाच्या टपरीवर, अपघाताच्या जागी, ग्रामीण रुग्णालयाच्या दारात. एकेकाचं निरीक्षण ऐकावं. कुठल्या वळणावर टू-व्हीलरवाले कसे पडतात, साप चावलेला माणूस कुठल्या गावाहून किती उशिरा येतो, गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्यांचे अपघात रात्री किती वाजता जास्त होतात. हे सगळं तोंडपाठ. पण एक प्रश्न विचारला की सगळे गप्प. 'त्या पेशंटचं पुढे काय झालं?' पेशंट रत्नागिरीला सोपवला, सही घेतली, गाडी परत. पुढचा कॉल. तो वाचला की गेला, आपण वाटेत जे केलं ते बरोबर होतं की नव्हतं, हे कळायची वाट नाही. बरेचदा पेपरात आमची बातमी वाचून कळतं. हे बरं नाही. जगात जिथे जिथे ॲम्ब्युलन्सवाले संशोधनात उतरले, तिथे आधी ही वाट उघडावी लागली.

फॉर्म तर आत्ताही भरतात. मग अडचण कुठे? एक तर फॉर्म वर जातो, खाली काही येत नाही. दुसरं, नोंद म्हणजे आपल्यावर उलटणारा पुरावा, ही भीती. 'पोचायला उशीर झाला' असं प्रामाणिकपणे लिहिलं आणि उद्या नोटीस आली तर? नोकरी कंत्राटी असलेल्या माणसाला ही भीती वाटणारच, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तिसरं म्हणजे संशोधन हा शब्द. तो ऐकला की पांढरा कोट, इंग्रजी, पुण्या-मुंबईचं कॉलेज डोळ्यांसमोर येतं. चौथी गोष्ट फ्रीडम हाउसची. नोंदी आम्ही करायच्या आणि पेपरवर नाव साहेबांचं, असं होणार असेल तर कोण कशाला झटेल? ॲम्ब्युलन्सवाल्यांना संशोधनात आणायचं तर या चारही गोष्टींचं उत्तर द्यावं लागेल. प्रमाणपत्र वाटून आणि शाल घालून भागणार नाही.

निदान कायद्याने नाव तरी दिलंय. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग नेमणारा कायदा केला. त्या यादीत इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट, पॅरामेडिक हे शब्द आहेत. म्हणजे हा एक व्यवसाय आहे, हे सरकारने मान्य केलंय. जिल्ह्यातही परिस्थिती पूर्वीसारखी नाही. रत्नागिरीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, चिपळूणकडे डेरवणला वालावलकर रुग्णालयाचं महाविद्यालय आहे. दोन्हीकडे प्राध्यापक आहेत, विद्यार्थी आहेत, प्रबंधासाठी विषय शोधत फिरणारी मुलं आहेत. विषय महामार्गावर पडलेत.

मला विचाराल तर सुरुवात अपघातापासून करूच नये. अपघातात पोलीस, विमा, कोर्ट, सगळे येतात, आणि नोंद करणाऱ्याचा हात आखडतो. सुरुवात सापापासून करावी.

रत्नागिरी जिल्हा आणि फुरसं हे नातं जुनं आहे. इंग्रजांच्या काळात इथे फुरसं मारून आणणाऱ्याला सरकार बक्षीस द्यायचं, इतका त्याचा सुळसुळाट होता. आंब्या-काजूच्या बागेत पाला गोळा करताना, गवत कापताना, रात्री पायवाटेने येताना आजही तेच चावतं. नाग, मण्यार, घोणस आहेतच. केंद्राने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. चांगलं आहे. पण लांज्यात साप चावलेला माणूस चावल्यापासून किती वेळाने गाडीत चढतो? आधी भगताकडे जातो का? पायाला दोरी करकचून बांधलेली असते का? फुरसं किंवा घोणस चावल्यावर अशी घट्ट दोरी बांधली तर पायाचं नुकसान वाढतं, म्हणून ती बांधू नका असं डॉक्टर आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरी बांधतात. किती जण बांधतात? शंभरात दहा की शंभरात सत्तर? आशाताईंनी वाडीत सांगितल्यावर ते कमी होतं का? हे फक्त गाडीचं दार उघडणाऱ्या माणसाला दिसतं. हॉस्पिटलात पोचेपर्यंत कुणीतरी दोरी सोडलेली असते.

यात पेशंटवर कुठला प्रयोग नाही, कुठलं नवं औषध नाही. उपचार चालू आहेत तेच चालू राहणार. फक्त अर्ध्या पानाचा मराठी फॉर्म. चावल्याची वेळ, फोन केल्याची वेळ, गाडी पोचल्याची वेळ, हॉस्पिटलला सोपवल्याची वेळ. दोरी होती की नव्हती. आधी कुठे नेलं होतं. पेशंटचं नाव नको, नुसता नंबर. खालचा अर्धा भाग हॉस्पिटलने भरायचा. फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही, त्याची परीक्षा साधी आहे. काचेच्या कोरड्या स्वच्छ नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी तिरकी करून बघायचं गोठलं की नाही. तो निकाल, प्रतिविषाच्या किती बाटल्या लागल्या, आणि पेशंट घरी गेला की नाही. मग तो खालचा भाग महिन्यातून एकदा गाडीवरच्या माणसांना परत वाचून दाखवायचा. ही शेवटची पायरी गाळली तर बाकी सगळं दोन महिन्यांत बंद पडेल, हे मी लिहून देतो.

आणि जेव्हा केव्हा हे छापून येईल, तेव्हा लिहिणाऱ्यांच्या नावात डॉक्टरांबरोबर पायलटचंही नाव पाहिजे. आभाराच्या ओळीत नाही, लेखकांच्या ओळीत.

नोंदीचे प्रकार सगळीकडे सारखे असले तरच तुलना करता येते, हेही लक्षात ठेवायला हवं. १९९० मध्ये नॉर्वेत उटस्टाइन नावाच्या जुन्या मठात जगातले तज्ज्ञ जमले, कारण हृदय बंद पडलेल्यांच्या नोंदी प्रत्येक देश वेगळ्या पद्धतीने ठेवत होता आणि कुणाचं कुणाशी जुळत नव्हतं. तिथे एक समान नमुना ठरला, तो आजही वापरतात. आपल्याला मठ नको. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या दालनात राजापूर, लांजा, संगमेश्वर आणि रत्नागिरीचे गाडीवाले अन् डॉक्टर एका दुपारी बसले तरी फॉर्म ठरेल.

१०८ वर, १०२ वर किंवा संस्थेच्या गाडीवर काम करणारे बरेच जण ही पोस्ट वाचतात, मला माहीत आहे. तुमचं काय म्हणणं आहे ते कळवा. उघड लिहायचं नसेल तर इनबॉक्स करा, नाव कुठेही येणार नाही. फॉर्ममध्ये कुठला रकाना हवा, कुठला भरणं रात्री दोन वाजता शक्यच नाही, हे तुम्हीच सांगू शकता. वैद्यकीय महाविद्यालयातले कुणी प्राध्यापक वाचत असतील तर त्यांनाही सांगणं आहे, नीतिसमितीच्या मंजुरीचं काम तुम्ही उचला, बाकीची माणसं जमवायला मी फिरतो.

पहिल्या पावसात साप बाहेर येतात, आणि भातकापणीला पुन्हा एकदा. कापणी ऑक्टोबरात. तोवर फॉर्म छापून गाडीत पडला तर यंदाचे आकडे हातात येतील.